खोडरबरबाईचा शेवटचा हात

निवृत्तीनंतर माझ्या मावशीला चित्रकलेचा छंद लागला, असं लोक सांगतात. छंद! छंद लोकांना बागकामाचा लागतो, शब्दकोड्यांचा लागतो. मावशीने साठाव्या वर्षी ब्रश धरला तो कुणावर दात धरावा तसा धरला. कुणावर, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. ज्याच्यावर धरला त्याला उशिरा कळलं, पण कळलं. ते कसं कळलं तेच सांगायला बसले आहे.

मावशी छत्तीस वर्षं एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करत होती. दुकानाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, तिची खोली. खोली म्हणजे आपलं म्हणायचं, उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. तिथे एक तिरकं टेबल, टेबलात दुधी काच आणि काचेखाली दिवा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सँडपेपरवर सुईसारखी टोकदार केलेल्या पेन्सिलीने माणसांच्या तोंडावरचे डाग भरून काढायचे. निगेटिव्हवर भरलं की फोटोतून जातं. तीळ गेले, पुटकुळ्या गेल्या, देवीचे व्रण गेले, रात्रपाळी करणाऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. अर्ध्या गावाची तोंडं मावशीने धुऊन दिली. मालक तिला गिऱ्हाइकांसमोर 'खोडरबरबाई' म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा. "खरं तोंड आरशात फुकट मिळतं," हे त्याचं ब्रीद. "आपण विकतो ते दुसरं."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तीच कामाला येणार आहे. प्रत्येक निगेटिव्ह एका खाकी पाकिटात जायची. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि रबरी शिक्क्याने उमटवलेला अंड्याच्या आकाराचा एक कोरा चेहरा. मावशीने जे जे काढलं, ते ते त्या अंड्यावर लाल पेन्सिलीने टिंब देऊन दाखवायचं, म्हणजे दहा वर्षांनी कुणी तोच फोटो पुन्हा मागितला तर तीच सफाई पुन्हा करता यावी. पण पेन्सिल चालते ती निगेटिव्हच्या खरखरीत बाजूवर, आणि त्या बाजूने पाहिलं की चेहरा आरशातल्यासारखा उलटा दिसतो. म्हणून पाकिटांवरची लाल टिंबंही सगळी उलटी. उजव्या गालावरचा तीळ पाकिटावर डाव्या गालावर. मावशीला याची इतकी सवय होती की तिला त्यात उलटं काही वाटायचंच नाही.

आता हेडमास्तर. हा माझा बाप. मी त्याला 'तो' म्हणते. ज्यांना खटकत असेल त्यांनी 'ते' वाचावं, माझी हरकत नाही.

बत्तिसाव्या वर्षी शाळेचा हेडमास्तर झालेला माणूस. हुशार, ताठ, आणि चूक दिसली की हात शिवशिवणारा. खिशात लाल पेन कायम. मी वसतिगृहातून पाठवलेली पत्रं तो लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचा, खाली गुण देऊन. एकदा 'मला घरी यायचं नाही' असं लिहिलं होतं, तर त्याने समासात 'कारणे द्या' लिहून पाठवलं. बाहेर लाल पेन आणि घरात हात. भाजीत मीठ कमी हीसुद्धा चूकच ना.

त्याला बढती मिळाली तेव्हा शाळेच्या अंकात छापायला कुटुंबाचा फोटो हवा होता. बुधवारची वेळ ठरली होती, आणि सोमवारी त्याने आईच्या डोळ्यावर मारलं. कशावरून, ते मला आठवत नाही. मी पाच वर्षांची होते, टेबलाखाली होते. मारलेलं आठवतं. डावा डोळा. दुसऱ्या दिवशी तो जांभळा झाला आणि बुधवारी काळानिळा. पण वेळ ठरली म्हणजे ठरली. आम्ही तिघं स्टुडिओत गेलो, पडद्यासमोर बसलो, आणि हेडमास्तर मालकाला म्हणाला, "बाथरूममध्ये पाय घसरला हिचा. तेवढं बघा."

मालकाने निगेटिव्ह मागे जिन्याखाली पाठवली. "घरचंच काम आहे, नीट कर."

आणि मावशीने नीट केलं. ती सांगते की आयुष्यात तिने तेवढं चांगलं काम दुसरं केलं नाही. चोवीस वर्षांची होती, ताईची अब्रू झाकायची एवढंच डोक्यात. दुपारचं जेवण सोडून ती त्या एका डोळ्यावर बसली. फोटोत माझी आई अशी दिसते की जणू आयुष्यात तिला कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही.

चार महिन्यांनी आई मला घेऊन मामाकडे आली. एक बॅग आणि मी. मामा म्हणजे आईचा आणि मावशीचा मोठा भाऊ. आईवडील राहिले नव्हते, त्यामुळे घरात शब्द त्याचाच, आणि मावशीही तिथेच राहायची. रविवारी हेडमास्तरलाही बोलावून घेतलं आणि जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. आईने सगळं सांगितलं. डोळ्याचंही सांगितलं, सोमवार होता हेसुद्धा. हेडमास्तरने शांतपणे पिशवीतून तो फोटो काढला आणि पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. मागे तारखेचा शिक्का.

"त्याच आठवड्यातला, बुधवारचा," तो म्हणाला. "दाखवा मला. कुठे आहे?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. कुठेच नव्हतं. मामाने तर चष्मा बदलून पाहिलं. मग हेडमास्तर दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे वळला.

"हिला विचारा. ही तिथेच असते. काय गं, तुला काही दिसलं होतं?"

मावशी म्हणाली, "नाही."

बरीच वर्षं ती याची कारणं सांगायची. नोकरी गेली असती, दादाने घराबाहेर काढलं असतं. मग एकदा माझ्यासमोर ताट बाजूला सारून म्हणाली, "तसलं काही नाही गं. मी घाबरले. बस." तो एक शब्द ऐकून मामाने आईला परत पाठवलं. आई त्या घरात आणखी एकोणीस वर्षं जगली आणि मग न्यूमोनियाने गेली. तो फोटो हेडमास्तरच्या दिवाणखान्यात अजून होता, मोठा करून, फ्रेममध्ये. येणाराजाणारा म्हणायचा, काय सुखी दिसतात वहिनी. मी त्या घरी जाणं सोडलं.

मावशी साठाची झाली त्याच वर्षी मालकाने दुकानाचा मागचा भाग भाड्याने द्यायला काढला. जुन्या निगेटिव्ह भंगारात गेल्या. पाकिटं कुणाला नको होती. मावशी ती चार पोत्यांत भरून घरी घेऊन आली. मालक म्हणाला, "बाई, रद्दीचं काय करणार?" ती म्हणाली, "परत करणार. ज्याचं त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, स्टुडिओतला तोच राखाडी एप्रन घालून, ती चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसली. शिकवणारी बाई तिच्या निम्म्या वयाची. बाकीचे विद्यार्थी त्याहून लहान.

आणि पहिलं दीड वर्ष सगळं फुकट गेलं, कारण हात ऐकेना. छत्तीस वर्षं ज्या हाताने पुसलं, त्याला आता म्हणायचं की काढ, तर तो कसा काढेल? मावशी समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या काढायची आणि दहा मिनिटांनी, स्वतःच्या नकळत, बोटाने भरून टाकायची. शिक्षिका एकदा हसू दाबत म्हणाली, "काकू, तुमची माणसं साबणाच्या वडीसारखी दिसतात." सगळा वर्ग हसला. मावशी घरी आली, आरसा टेबलावर ठेवला आणि स्वतःचं तोंड काढायला बसली. नाकाशेजारी तिला एक चामखीळ आहे. स्टुडिओच्या ओळखपत्रावरून ती तिने स्वतःच उडवली होती. तिने ठरवलं, ही चामखीळ नीट बसेपर्यंत दुसरं काही काढायचं नाही. नऊ ते पाच, मध्ये अर्धा तास जेवण. दोनशेच्या वर आरशातली चित्रं झाली. मी शनिवारी जायची तर घरभर मावशीच मावशी, भिंतीला तोंड करून ठेवलेली. मी म्हटलं, "अगं, जरा विश्रांती घे." ती म्हणाली, "विश्रांती जिन्याखाली झाली."

मग तिने पाकिटं उघडली. नाव बघून माणसाला गाठायचं, त्याला खुर्चीत बसवायचं आणि पाकिटावरचं सगळं त्याच्या तोंडावर परत ठेवायचं. पहिला आला कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला. वीस वर्षांपूर्वी त्याने गालावरचा तीळ काढायला लावला होता, आणि नंतर डॉक्टरकडून खरोखरच काढून घेतला होता. मावशीने चित्रात तो पुन्हा दिला. लॉन्ड्रीवाल्याने चित्र पाहिलं आणि गालाला हात लावला.

"बाई, हे काय केलंत?"

"का, तीळ नव्हता तुम्हाला?"

"होता हो! पण इकडे होता, इकडे! तिकडे कुठे ठेवलात?"

पाकीट उलटं असतं, हे मावशी सवयीने विसरली होती. हसत हसत तिने फडक्याने ओला रंग पुसला आणि तीळ दुसऱ्या गालावर दिला. लॉन्ड्रीवाला खूश होऊन गेला. पण मावशी हसायची थांबली आणि बराच वेळ त्या फडक्याकडे बघत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "गंमत बघ. वीस वर्षं हा तीळ नाकारत होता. पण चुकीच्या गालावर दिला तर एक मिनिट सहन झालं नाही."

मी म्हटलं, "माणसाचा स्वभाव."

"हं," मावशी म्हणाली. "आणि काहींचा तर फारच."

मला तेव्हा काही कळलं नाही.

पुढच्या साडेचार वर्षांत तिने चाळीस माणसं काढली. बेकरीवाली, तिच्या ओठावरच्या टाक्यांसह. बँकेतला रोखपाल, त्याच्या कपाळावर लहानपणी दगड लागल्याची खोक. लोक आधी चिडायचे, मग शेजाऱ्यांना घेऊन बघायला यायचे. वर्गातली शिक्षिका आता मावशीकडे शिकायला बसायची. हे मी कौतुकाने सांगत नाही. सुडाच्या पोटी सुरू केलेलं काम इतकं चांगलं होईल याची आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती, आणि एकदा चांगलं व्हायला लागल्यावर मावशीला ते वाईट करता येईना. रंग चुकला तर ती जेवायची नाही.

एक्केचाळिसावं चित्र आईचं. ते तिने अकरा वेळा काढलं. बघायला माणूस नव्हतं, तो एक धुतलेला फोटो आणि एक पाकीट, बाकी सगळं आठवणीतून. अकराव्या वेळी मी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. आई होती ती. डावा डोळा सुजून अर्धा मिटलेला, कडेला जांभळं आणि खाली हिरवट. आणि उजव्या डोळ्याने ती सरळ बघत होती, आमच्याकडे.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात ठरलं. वाचनालयाचा अध्यक्ष कोण? हेडमास्तर. उद्घाटन कुणी करायचं? त्यानेच. मावशी स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आली. तो म्हणाला म्हणे, "मेहुणीबाईंनी म्हातारपणी कुंचला धरला! कौतुक आहे. भाषण किती मिनिटांचं करू?"

"आटोपशीर," मावशी म्हणाली. "आमच्या ताईचंही एक चित्र आहे त्यात. पडदा तुम्हीच काढा."

"वा," तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी सभागृहात गेले तर रंग पुसायच्या टर्पेंटाइनचा वास. मावशी आईच्या चित्रासमोर उभी. मी जवळ जाऊन पाहिलं. डावा डोळा स्वच्छ, नितळ. आणि काळानिळा डाग उजव्या डोळ्यावर.

"मावशी, हे काय केलंस? डावा होता! पाकीट उलटं असतं, तूच सांगतेस ना? परवापर्यंत बरोबर होतं!"

"माहीत आहे."

"मग पुसून टाक! तो पाच वाजता येणार आहे!"

"राहू दे," मावशी म्हणाली आणि चित्रावर कापड टाकलं. "ओलं आहे, हात लावू नकोस." मला वाटलं हिचं डोकं फिरलं. सहा वर्षांची मेहनत, आणि शेवटच्या दिवशी हाताने माती केली.

पाच वाजता साठएक माणसं जमली. पहिल्या रांगेत मामा, काठी टेकून, ऐंशीचा झालेला. हेडमास्तर ताठ चालत आला, खिशात लाल पेन. भाषण झालं, निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी कसा लावावा यावर. मग तो चित्रं बघत निघाला आणि वाटेत रोखपालाच्या चित्राखालचं वर्ष चुकलं म्हणून पेन काढून दुरुस्तही करून आला. लोक हसले, तोही हसला. पेन हातातच राहिलं. शेवटी कापडापाशी आला, खोकला, "माझी दिवंगत पत्नी," असं म्हणून त्याने कापड ओढलं.

साठ माणसं माझ्या आईच्या उजव्या डोळ्याकडे बघत होती, आणि त्याच्याकडे. त्या क्षणी तो 'हे धादांत खोटं आहे' एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. लोकांनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता, चाळीस वर्षं ठेवलाच होता. पण त्याला चूक दिसली. मी ते त्याच्या हातात पाहिलं, पेन धरलेला उजवा हात आपोआप वर गेला.

"हे चूक आहे," तो म्हणाला. "साफ चूक. उजव्याला काही झालंच नव्हतं. डावा होता. हा डावा—"

आणि पेनाचं टोक आईच्या डाव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. बेकरीवाली असावी. तिने "अगं बाई" म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं.

"बरोबर, भाऊजी," मावशी म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका साधा ऐकला नव्हता. "डावाच होता. माझ्या लक्षात आहे. तुमच्याही आहे का, तेवढं बघायचं होतं."

तिने एप्रनच्या खिशातून टर्पेंटाइनने भिजवलेलं फडकं काढलं. आधी उजव्या डोळ्यावरून फिरवलं. सकाळचा ओला डाग फडक्यावर आला आणि खालून आईचा खरा उजवा डोळा निघाला, सरळ बघणारा. मग डाव्यावरून फिरवलं. नितळ कातडी निघून गेली आणि खाली, केव्हाच वाळून पक्कं झालेलं, ते सगळं होतं. जांभळं, हिरवट, सुजून अर्धं मिटलेलं. तिने सकाळी ते झाकलं होतं, जिन्याखाली झाकायची तसंच. खोडरबरबाईचा शेवटचा हात तो. या वेळी पुसला तो स्वतःचाच.

"हे मी फोटोतून काढून टाकलं होतं," ती लोकांना म्हणाली. "पेन्सिलीने. तीन तास लागले. आणि नंतर मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. ते माझं. बाकीचं यांचं."

मामा काठीवर भार देऊन उठला. "आम्हाला काय माहीत गं," तो म्हणाला. "फोटोत तर..."

"दादा, ताई समोर बसली होती," मावशी म्हणाली. "तू फोटोला विचारलंस."

मामा परत खाली बसला. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

हेडमास्तर दाराकडे निघाला. कुणी अडवलं नाही, कुणी वाटही दिली नाही. त्यालाच अंग चोरून माणसांमधून जावं लागलं, पंचाहत्तरीतल्या त्या ताठ माणसाला. दारात लॉन्ड्रीवाला उभा होता. त्याने हेडमास्तरच्या हातून निसटलेलं काहीतरी जमिनीवरून उचललं आणि पुढे केलं. "सर, तुमचं पेन." हेडमास्तरने ते घेतलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते, पाच वर्षांची असताना टेबलाखालून बघायची तशीच, फरक एवढाच की आता तो माझ्याकडे बघू शकत नव्हता. मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

रात्री मावशी जेवली आणि झोपली. मला वाटलं संपलं, आता ही थकेल, आता रिकामी होईल. सूड घेऊन झाल्यावर माणसाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्याकडेच राहिले.

सकाळी नऊ वाजता आवाजाने जाग आली. मावशी राखाडी एप्रन घालून बसली होती, समोर नवा कॅनव्हास. कोळशाच्या आठदहा रेघांतच मी ओळखलं. वर गेलेला हात. उघडं राहिलेलं तोंड. 'डावा' म्हणून थांबलेला तो क्षण, मानेवरची शीर, कपाळावरचा घाम, सगळं. समोर कुणी बसलेलं नव्हतं, तिला गरजही नव्हती.

"मावशी," मी म्हटलं, "पुरे नाही का झालं?"

तिने मान वर केली नाही.

"अगं, आत्ता कुठे हात बसलाय," ती म्हणाली. "चहा टाक."